काकाजींचं गोल्ड

भंडाऱ्यात मास्तरकी लागली आणि खोली शोधत फिरताना घरमालक काय काय विचारतो हे मला पाठ झालं. लग्न झालं का, मटण खाता का, पाहुणे फार येतात का, पाणी किती सांडता. काकाजींनी यातलं काही विचारलं नाही. ओसरीवरच्या खाटेवर बसून त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "मास्तर, विमानात बसले का कधी?"

मी एकोडीचा. आमच्या खानदानात सगळ्यात उंच गेलेला माणूस म्हणजे कापलेल्या धानाच्या पुंजण्यावर चढून शेवटचा भारा रचणारा माझा चुलता. मी नाही म्हटलं. काकाजींचा चेहरा खुलला. विमानात बसलेला भाडेकरू असला की तो आपल्यालाच शिकवायला लागतो, असा त्यांचा अनुभव होता म्हणे. खोली मला तिथल्या तिथे मिळाली आणि पुढची काही वर्षं विमानाबद्दल एक अक्षर न विचारता सगळं कळत गेलं.

गल्ली त्यांना काकाजी म्हणायची आणि पाठीमागे गोल्डवाले म्हणायची. घराणं पिढ्यान् पिढ्या कोसा रेशीम विणणारं. मागच्या खोलीत दोन माग होते, बाहेर आणखी काही विणकर त्यांच्यासाठी विणत. करवतकाठी साड्यांचे गठ्ठे घेऊन काकाजी आयुष्यभर दिल्ली, कोलकाता, बेंगळुरू अशा प्रदर्शनांना जायचे. आधी रेल्वेने, दोन दोन रात्री गठ्ठ्यावर डोकं ठेवून. मग पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने एकदा विमानाचं तिकीट काढून दिलं आणि त्याच झटक्यात विमान कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांत वडिलांचं नाव घातलं. मुलाला वाटलं, वडिलांची कंबर वाचली. त्याने काय करून ठेवलं हे त्याला अजून कळलेलं नाही.

कारण एके दिवशी कुरियरने एक सोनेरी कार्ड आलं. पुष्कळ उडणाऱ्या माणसाला कंपनी गोल्ड करते. गोल्ड झालेल्या माणसाला विमानतळावर वेगळी रांग, वेगळी खोली, खोलीत सोफे, फुकट खाणं, आणि सोबत एक माणूस नेण्याची मुभा. काकाजी सत्तरीला टेकले होते. एवढ्या आयुष्यात त्यांना कोणी, तुम्ही आधी या, असं म्हटलं नव्हतं. बाजारात व्यापारी बसवून ठेवायचे, बँकेत साहेब बसवून ठेवायचे. आता चक्क गणवेशातली मुलगी नाव घेऊन आत बोलावते म्हटल्यावर माणूस हुरळणारच.

त्या वर्षीच्या दसऱ्याला मागांची पूजा झाली. धोटा, फणी, कांड्या यांच्या रांगेत काकाजींनी ते कार्डही मांडलं. पोटापाण्याचं हत्यार आहे, त्याला वगळून कसं चालेल. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. पुढच्या फेरीला नागपूरच्या विमानतळावर ते कार्ड यंत्राला दाखवलं तर यंत्र ओळखच देईना. काउंटरवरच्या मुलीने रुमालाने पुसायला घेतलं तेव्हा काकाजींनी तिचा हात धरल्यासारखा केला आणि पुसू नका, प्रसादाचं आहे, म्हणून सांगितलं. शेवटी तिने नाव विचारून आत सोडलं. पुढच्या दसऱ्याला कार्डाची मागची बाजू कोरी ठेवून फक्त पुढून पूजा झाली. याला ते सुधारणा म्हणायचे.

पण गोल्ड एकदा मिळालं म्हणजे झालं, असं नव्हतं. ते दर वर्षी नव्याने कमवावं लागायचं आणि काकाजींची खरी झोप उडायची ती इथे. एका संध्याकाळी त्यांनी मला ही भानगड समजावून सांगितली. माझ्या डोक्यात शिरत नाही हे पाहून ते थेट एकोडीवर आले.

"तुमच्या गावाले तलाव हाये नं? पावसात भरला, धानाले लागलं तेवढं पानी सोडलं. उरलं ते फेकून देता का? उन्हाळी धानाले ठेवता. तसंच हाये मास्तर. गोल्डपुरतं उडून झालं, अन वर जे उरलं, ते कंपनी पुढच्या सालात घालून देते."

"आणि तलाव भरलाच नाही तर?"

"मंग चांदी," काकाजी म्हणाले, आणि तोंड असं केलं की घरात कोणाला बरं नाही असं वाटावं.

चांदी त्यांनी एकदा पाहिली होती. पहिल्याच वर्षी. त्याचं असं झालं, की काकाजींच्या घरात वर्ष लक्ष्मीपूजनाला सुरू होतं. आजोबांपासूनची रीत. हिशेबाची नवी वही त्या दिवशी, विणकरांशी नवा करार त्या दिवशी, जुनं काय ते त्या आधी मिटवायचं. काकाजींनी विमानाचं सालही तसंच धरलं. दिवाळी ते दिवाळी मोजून त्यांनी गोल्डपुरतं उडणं पुरं केलं आणि निवांत घरी बसले. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या, यांनी एकही मंडई सोडली नाही, रात्रभर नाटकं पाहिली, पाहुण्यांकडचं जेवण हाणलं. दोन प्रदर्शनांची बोलावणी आली तर आपलं झालं म्हणून पुतण्याला पाठवलं. जानेवारीत कंपनीचा मेल आला. गोल्ड गेलं, चांदी आली.

काकाजींनी कंपनीला फोन लावला. तो फोन गल्लीत अजून सांगतात. पलीकडच्या मुलीने समजावलं, की सर, वर्ष एक जानेवारीला सुरू होतं. काकाजींनी अगदी शांतपणे विचारलं, "बाई, लक्ष्मीपूजन नाई करत का तुमच्या इकडे?" ती म्हणाली, करतो सर. "मंग नवी वही कोन्या दिवशी काढता?" मुलीने त्यांना थांबायला सांगितलं आणि फोनमध्ये वाजंत्री सुरू झाली. काकाजी ती वाजंत्री जेवण होईपर्यंत ऐकत बसले. त्यांचं म्हणणं, ती आत वडीलधाऱ्यांना विचारायला गेली होती.

त्यानंतर मात्र ते इंग्रजी सालाला पक्के धरून चालले. डिसेंबर लागला की गाव स्वेटरं काढायचं, धान काट्यावर न्यायचं, आणि काकाजी मोबाइल घेऊन माझ्या खोलीच्या पायऱ्या चढायचे. किती झालं, किती राहिलं, ते मी इंग्रजी वाचून सांगायचं. कमी पडत असलं तर चक्कर मारून यायचे. म्हणजे सकाळी कोलकात्याला जायचं, तिथल्या खोलीत बसून पोहे खायचे आणि संध्याकाळी परत. विमानतळाच्या बाहेर पाय टाकायचा नाही. ना साडी विकायची, ना कोणाला भेटायचं.

गल्लीला हे पचणं कठीण होतं. भल्या माणसाने दर डिसेंबरात रिकाम्या हाताने कोलकात्याला जावं आणि रिकाम्या हाताने यावं, याचा एकच अर्थ निघतो. समोरच्या इस्त्रीवाल्याने तो काढला आणि त्याच्या बायकोने तो काकूंपर्यंत पोचवला, की काकाजींचं तिकडे दुसरं घर असावं. काकू चरख्यावर धाग्याची कांडी भरत होत्या. त्यांनी चरख्याचं चाक थांबवलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "त्याईले सोताचा चष्मा सांभाळनं होत नाई बाई, दुसरी बायको कुठची सांभाळतात."

काकूंबद्दल आधीच सांगायला हवं होतं. काकाजींबद्दल बोलायला लागलं की त्या अशाच मागे राहतात. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्या चरख्याशी बसल्या. मागावर विणायला पुरुष, पण बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, कांड्या भरून द्यायला काकू. पायांवर सूज असायची. त्यांचं बसणं म्हणजे एक गंमतच होती. बसल्या की कोणी ना कोणी त्यांना उठवायचं. विणकराला कांडी हवी, काकाजींना चहा हवा, दारात मांजर, वर मास्तरला पाणी. मी कधी त्यांना टेकून बसलेलं पाहिलं नाही. बोलणं मात्र असं, की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळावं आपल्याला काय म्हटलं ते.

काकाजी दर फेरीहून त्यांच्यासाठी त्या खोलीतल्या साखरेच्या पुड्या खिशात घालून आणायचे. काकू त्या डब्यात टाकायच्या आणि मला त्याच साखरेचा चहा द्यायच्या. मी सगळी वर्षं विमानतळाच्या साखरेचा चहा प्यायलो, तो भंडाऱ्याच्या साखरेपेक्षा तसूभरही गोड नव्हता. आल्या दिवशी काकाजी खाटेवर बसून खोलीचं वर्णन करायचे. सोफा कसा, गालिचा कसा, इडली कुठे, शिरा कुठे. काकूंना खाण्याचं फारसं नव्हतं. त्या दर वेळी एकच विचारायच्या.

"अन बसलं का कोनी उठ म्हनत नाई?"

"कोनी नाई. दिवसभर बस. उलट इचारतात, आनखी काही पाहिजे का."

काकू हूं म्हणून चाक फिरवायला लागायच्या.

काकाजींनी त्यांना त्या खोलीत नेण्याचा शब्द दिला होता, कार्ड आलं त्याच दिवशी. सोबत एक माणूस नेण्याची मुभा होती ना, तो माणूस काकू. आणि गोल्ड दर वर्षी पुढच्या सालात न्यायचं ते मुख्य याचसाठी, हे मला फार उशिरा कळलं. मी समजत होतो, म्हाताऱ्याला मिरवायचा सोस आहे. सोस होताच. पण काकूंना न्यायचं तर गोल्ड पाहिजे, आणि काकू काही निघत नव्हत्या. कधी मुलीचं बाळंतपण, कधी धानाच्या रोवणीला माहेरचं बोलावणं, कधी मंडईचे पाहुणे. काकाजी म्हणायचे, हरकत नाही, यंदाचं पुढच्या सालात नेतो. आणि ते पुढच्या सालात नेण्यासाठी स्वतः उडून जायचे. काकू मोकळ्या असायच्या तेव्हा हे विमानात, हे घरी असायचे तेव्हा काकू कामात. यात काही चुकतंय असं त्या हुशार माणसाच्या कधी ध्यानात आलं नाही. मी एकदा तसं सुचवून पाहिलं, तर त्यांनी मला विमानात न बसलेल्या माणसाने या विषयात बोलू नये असं सांगितलं.

मिरवण्याचं म्हणाल तर एक लाखनीची गोष्ट सांगतो. तिथे एका लग्नाला आम्ही दोघं एसटीने निघालो होतो. काकाजी एसटीतही विमानाचे नियम पाळायचे. बसल्या बसल्या पट्टा शोधायचे आणि नाही सापडला की मान हलवायचे. त्या दिवशी त्यांना संकटकाळी बाहेर पडण्याच्या दाराजवळची जागा मिळाली. विमानात अशा जागेवरच्या माणसाला आधी सगळं समजावून सांगतात, इथे कंडक्टर काही सांगत नाही हे त्यांना बेजबाबदारपणाचं वाटलं. म्हणून त्यांनी उभं राहून मागच्या चार बायांना स्वतःच समजवायला घेतलं. संकट आलं की घाबरायचं नाही, हा दांडा असा धरायचा, असा वर करायचा. दांडा वर झाला आणि दार उघडलं. एका बाईचं वांग्यांचं गाठोडं हायवेवर गेलं, मागचा ट्रक त्यावरून गेला, आणि कंडक्टरने घंटीची दोरी तुटेस्तोवर ओढली.

गाडी कडेला थांबली. कंडक्टर जे बोलला ते मास्तराने लिहिण्यासारखं नाही. काकाजींनी त्याला पूर्ण बोलू दिलं आणि मग खिशातून सोनेरी कार्ड काढून समोर धरलं. कंडक्टरने ते उलटं-सुलटं पाहिलं, त्याच्या बोटाला हळद लागली.

"हे अर्ध्या तिकिटाचं हाये का?" त्याने विचारलं.

वांग्यांचे पैसे काकाजींनी दिले. कार्ड त्यांनी आतल्या खिशात घातलं आणि वरून बटण लावलं. पंगतीत मात्र वाढप्याने त्यांच्यापासून सुरुवात केली तेव्हा माझ्याकडे पाहून समाधानाने मान हलवली.

तर आता त्या डिसेंबरकडे येतो. त्या वर्षी प्रदर्शनं जवळजवळ बंद पडली होती. पुतण्या मोबाइलवर साड्यांचे फोटो टाकायचा, गिऱ्हाईक घरबसल्या घ्यायचं. धंदा वाईट नव्हता, पण साडीसोबत आता माणूस जायचा नाही. काकाजींच्या गुडघ्यांनीही बोलायला सुरुवात केली होती. मी मोबाइलवर पाहून सांगितलं, की आधीच्या सालातलं उरलेलं धरून, शेवटच्या दिवसापर्यंत एक जाणं-येणं झालं तर गोल्ड टिकतं. नाही झालं तर गेलं. काकाजी पायरीवर बसले आणि म्हणाले, "मास्तर, हे शेवटचं हाये. पुन्हा एवढं उडनं होत नाई आता. यंदा पुढच्या सालात गेलं तर तिले नेईन. नाई गेलं तर मंग मी तिले खोटाच."

तिकीट काढलं ते वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसाचं, कारण त्या आधीची सगळी महाग होती. दिल्लीला सकाळी जायचं, संध्याकाळी परत. आदल्या आठवड्यात मी खाली चहा पीत असताना काकूंनी चाक थांबवलं आणि म्हणाल्या, "अजी, माह्यं बी तिकीट काढा. येते मी."

काकाजींनी मला विचारलं, ती काय म्हणाली. ऐकू आलं नव्हतं असं नाही.

मला नागपुरात काम होतं, म्हणून गाडी ठरवली त्यात मीही बसलो. काकूंनी कोशाची करवतकाठी नेसली होती. आयुष्यभर ज्या साड्यांच्या कांड्या भरल्या त्यातली ही पहिली त्यांच्या अंगावर पाहिली. पिशवीत पोळ्या, वांग्याची कोरडी भाजी आणि पाण्याची बाटली. तिथे सगळं फुकट मिळतं असं काकाजींनी परोपरीने सांगितलं, त्यावर काकूंचं म्हणणं होतं, की मिळालं नाही तर. विमानतळाच्या दारात काकाजींनी त्यांना नियम सांगितले, तेव्हा काकूंनी कनवटीतून आईचा अडकित्ता काढून माझ्या हातात ठेवला. तो हरवला तर मी भंडाऱ्याला न येता परस्पर एकोडीलाच जावं, असं सांगून त्या आत गेल्या.

हवा थंड होती, पण नागपुरात ऊन पडलं होतं. धुकं होतं ते दिल्लीत. संध्याकाळी काकाजींचा फोन आला, घ्यायला या. मला वाटलं, आले परत. गाडी घेऊन गेलो तर दोघं दाराशी उभे. काकाजी पुढे येऊन ड्रायव्हरशेजारी बसले आणि काचेतून बाहेर पाहायला लागले. काकू मागे माझ्याशेजारी बसल्या, अडकित्ता मागून घेतला, सुपारी कातरली आणि बोलायला लागल्या. पुढे जे झालं ते मला काकूंच्या तोंडून मिळालं, आणि जिथे त्या चुकत होत्या असं काकाजींना वाटलं तिथे समोरून दुरुस्ती मिळाली.

विमान आधी तासभर उशिरा होतं, मग दोन तास, मग किती ते सांगेनात. दोघं खोलीत बसले होते. काकूंनी आधी सोफ्याच्या काठावर बसून घेतलं, मग थोडं मागे सरकल्या, मग चपला काढल्या आणि पाय वर घेतले. शिरा खाल्ला. एक मुलगी येऊन आणखी हवा का विचारून गेली. काकूंनी तिचं गाव विचारलं, ती पवनीची निघाली. मग घरच्या पोळ्या काढून तिलाही दिल्या. दुपार झाली. काकाजी आणि काकू बोलत बसले. कशाबद्दल, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "कायचं काय. याईले माहीतच नव्हतं, माह्या बहिनीचं लग्न कसं मोडलं होतं ते. आता सांगतलं." ती बहीण आजी झालेली आहे.

मग समजलं, की विमान रद्द. दिल्लीत काही दिसत नाही. तिकिटाचे पैसे परत किंवा उद्याची जागा. उद्या म्हणजे नवीन साल. काकाजी काउंटरवर गेले. तिथल्या मुलीने त्यांचं सगळं ऐकून घेतलं, यंत्रात शोधलं आणि सांगितलं, की हैदराबादच्या विमानात एक जागा आहे, रात्री परतही येता येईल, साल संपायच्या आत. गोल्ड वाचतं. पण जागा एकच.

काकाजी खोलीत आले आणि काकूंना म्हणाले, एक जागा आहे. काकू म्हणाल्या, जा मग, मास्तर येईल संध्याकाळी मला घ्यायला. तेवढ्यात दारावरच्या माणसाने नम्रपणे सांगितलं, की सर तुम्ही गेलात तर मॅडमना बाहेर बसावं लागेल. सोबतचा माणूस कार्डवाल्यासोबतच आत बसू शकतो, असा नियम आहे.

इथे काकू थांबल्या आणि सुपारी तोंडात टाकली. पुढचं काकाजींनी सांगितलं, मागे न पाहता.

"मास्तर, त्या पोराचं बोलनं पुरं नाई झालं, अन हिचे पाय चपला शोधून राहिले खाली. तोंडानं काही नाई. नुसते पाय. उठाची सवय लागली नं तिले. म्या म्हटलं, बस तू. इथं कोनी उठवत नाई, सांगतलं होतं नं तुले."

मग ते हैदराबादला गेले नाहीत. काउंटरवरच्या मुलीने येऊन पुन्हा विचारलं, सर नक्की ना, जागा जाईल. काकाजींनी पवनीच्या मुलीला एक वाटी शिरा आणायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत दोघं तिथेच बसले. मधे काकूंना डुलकी लागली तेव्हा काकाजी हलले नाहीत, कारण त्यांच्या खांद्यावर डोकं होतं. ही शेवटची गोष्ट काकूंनी सांगितली आणि काकाजींनी दुरुस्त केली नाही.

जवाहरनगरच्या फाट्यावर तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या बसा सुटल्या होत्या, आम्ही त्यांच्या मागे अडकलो. तेव्हा काकू म्हणाल्या, बरं आहे विमान. मी म्हटलं, काकू, विमान कुठे पाहिलं तुम्ही. त्या म्हणाल्या, काचेतून पाहिलं, उभं होतं, चांगलं आहे. मला रडू येत होतं की हसू हे मला समजत नव्हतं, म्हणून मी अडकित्ता पाहायला मागून घेतला.

जानेवारीत मेल आला. मी वाचून दाखवला, चांदी. या वेळी काकाजींनी कोणाला फोन लावला नाही. कार्ड घेऊन ते मागच्या खोलीत गेले आणि मीही वर निघून गेलो.

त्या उन्हाळ्यात माझी बदली लाखनीला झाली. पुढच्या डिसेंबरात भंडाऱ्याला काम निघालं, तेव्हा त्यांच्या दारात गेलो. ओसरीवर काकू खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि खाली चरख्याशी काकाजी. कांडी भरायला शिकत होते. धागा तुटलेला, गुंतलेला, चष्मा कपाळावर, आणि काकू वरून सूचना देत होत्या. मला कोणी उठून पाणी दिलं नाही, आपलं आपण घ्यायला सांगितलं. घेताना मला ते कार्ड दिसलं. काकूंनी त्यावर काठाचा उरलेला लाल कोसा गुंडाळून ठेवला होता. कडेने थोडं सोनं आणि थोडी हळद दिसत होती.

चहा झाला. साखर दुकानची होती. मी सहज विचारलं, यंदा चक्कर नाही का. काकाजी धाग्यात गुंतलेले होते. उत्तर काकूंनी दिलं.

"जाऊ नं. म्या सांगतलं त्याईले, तिकीट काढा, पन धुक्याच्या दिवसाचं काढा."

"अवं, पन आता चांदी हाये," काकाजी खालून म्हणाले. "त्या खोलीत घेत नाई आपल्याले."

"बाहेर बी खुर्च्या हायेत," काकू म्हणाल्या. "म्या जाता जाता पाह्यल्या."

काकाजींनी चाक थांबवलं. काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोटांतला धागा सोडवून त्यांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, माझ्या हातात दिला आणि दिल्लीत धुकं कोणत्या दिवशी आहे ते पाहायला सांगितलं.